वाफारा नव्हे, निकोटिन!

ई-सिगारेटवरील बंदी, तिच्या बातम्या आणि खान्देशातील घरांची जबाबदारी

मराठी घरात ‘वाफ’ हा शब्द औषधाच्या बाजूचा आहे. पडसे भरले, छाती घट्ट झाली की पातेल्यात पाणी उकळायचे, त्यात ओवा किंवा निलगिरी तेलाचे दोन थेंब टाकायचे आणि डोक्यावरून चादर घेऊन वाफारा घ्यायचा, हे प्रत्येक पिढी मागच्या पिढीकडून शिकत आली. त्यामुळे नातवाच्या खोलीतून गोडसर आंब्याचा वास यावा आणि विचारल्यावर ‘आजी, हा धूर नाही गं, नुसती वाफ आहे’ असे उत्तर मिळावे, तर ज्येष्ठांच्या मनात शंका उठण्याऐवजी असलेलीही मिटते. ई-सिगारेटने आपल्या भाषेतील एका भल्या शब्दाचा आडोसा घेतला आहे.

या वस्तूवर आपल्या देशात २०१९ पासून संपूर्ण बंदी आहे. तरीही ती मोठ्या शहरांतून, मोबाइलवरून मागवलेल्या पाकिटांतून आणि परदेशातून येणाऱ्यांच्या सामानातून घरापर्यंत पोहोचू शकते. जळगाव-धुळ्याकडील कितीतरी मुले-मुली शिक्षणासाठी पुण्याला, नाशिकला, मुंबईला राहतात आणि दिवाळीला, कानबाईला घरी येतात. त्यांच्या पिशवीतील एखादी वस्तू पेन आहे, पेन ड्राइव्ह आहे की आणखी काही, हे घरातील मोठ्यांना ओळखता यावे, त्याविषयी छापून येणारे खरे किती व अतिरंजित किती हे कळावे, यासाठी हा लेख.

त्या ‘वाफे’त असते तरी काय?

ई-सिगारेट, व्हेप, ई-हुक्का, पॉड अशी या साधनांची नावे अनेक असली तरी रचना एकच आहे. आत एक बॅटरी, तापणारी तार आणि एक द्रव असतो. तोंडाने ओढले की तार तापते, द्रवाचे अतिसूक्ष्म थेंब होतात आणि ते फुप्फुसात जातात. हा द्रव म्हणजे आपल्या पातेल्यातील पाणी नव्हे. त्यात प्रॉपिलीन ग्लायकॉल व ग्लिसरीन ही रसायने, आंबा-पुदिना-स्ट्रॉबेरीसारखे कृत्रिम स्वाद आणि बहुतेक वेळा निकोटिन असते. तार तापताना फॉर्माल्डिहाइडसारखी घातक द्रव्येही तयार होऊ शकतात, आणि तारेतील धातूंचे कणही या थेंबांसोबत आत जाऊ शकतात.

आजच्या स्वरूपातील ई-सिगारेट २००३ च्या सुमारास चीनमधील हॉन लिक या औषधशास्त्रज्ञाने तयार केली. तो स्वतः धूम्रपानी होता आणि त्याचे वडील फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले होते. सिगारेट सोडू न शकणाऱ्याला कमी घातक पर्याय मिळावा, हा मूळ हेतू. यात तंबाखू जळत नाही, त्यामुळे सिगारेटच्या धुरातील डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड येथे जवळजवळ नसते, हे मान्य केले पाहिजे. परंतु ही तुलना सिगारेट ओढणाऱ्याशी आहे. ज्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने कधी सिगारेटला हातच लावला नाही, त्याची तुलना स्वच्छ हवेशी करायला हवी. मेंदूची वाढ साधारण पंचविशीपर्यंत चालते आणि त्या वयात निकोटिनची सवय फार लवकर व फार घट्ट जडते. लक्ष लागणे, चिडचिड, झोप यांवर तिचा परिणाम होतो. वयस्क माणसात निकोटिन नाडीचा वेग आणि रक्तदाब वाढवते, म्हणून हृदयविकार असलेल्यांनी त्याला निरुपद्रवी समजू नये. दमा किंवा जुनाट श्वासविकार असलेल्या ज्येष्ठांच्या बंद खोलीत कोणी व्हेप ओढत असेल, तर तो सुगंध नव्हे. त्यात निकोटिन आणि सूक्ष्म कण असतात.

कायदा नेमके काय सांगतो?

मे २०१९ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने श्वेतपत्रिका काढून ई-सिगारेटवर पूर्ण बंदीची शिफारस केली. १८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने अध्यादेश काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संसदेच्या मंजुरीने त्याचे कायद्यात रूपांतर झाले.

या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण आणि जाहिरात या साऱ्यांवर बंदी आहे. प्रथम गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. पुन्हा गुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. नुसत्या साठवणुकीसाठीही सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकते.

कुटुंबांच्या दृष्टीने यातील चार गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली, पाकिटावर ‘निकोटिनविरहित’ असे लिहिलेले असले तरी बंदी लागू आहे. स्वादाचे व्हेप, ई-हुक्का आणि तंबाखू न जाळता तापवणारी साधनेही तीत येतात. दुसरी, दुबई किंवा लंडनहून येणाऱ्या पाहुण्याने ‘भेट’ म्हणून आणलेले व्हेपही आयातबंदीच्या कक्षेत येते. तिसरी गोष्ट गाळा, गोदाम किंवा खोली भाड्याने देणाऱ्या ज्येष्ठांसाठी: आपल्या जागेत असा माल साठवला जात आहे हे माहीत असून तो ठेवू देणे हाही गुन्हा आहे. चौथी, केवळ ओढण्यासाठी म्हणून शिक्षेचे स्वतंत्र कलम या कायद्यात नाही. त्याचा रोख व्यापारावर आहे. म्हणून घरात मुलाकडे व्हेप सापडले तर ‘पोलिसांत देतो’ ही धमकी देऊ नये. त्याला ते विकले कोणी, हा प्रश्न पोलिसांचा. त्याला ते हवेसे का वाटले, हा प्रश्न आपला.

बातम्या कशा वाचाव्यात?

ज्या उन्हाळ्यानंतर आपला अध्यादेश आला, त्याच २०१९ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतून धक्कादायक बातम्या येऊ लागल्या होत्या. धडधाकट तरुण मुले खोकला, धाप आणि ताप घेऊन रुग्णालयात येत होती. काहींना कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवावे लागत होते. फेब्रुवारी २०२० पर्यंत अशा २,८०७ रुग्णांची नोंद झाली आणि त्यांपैकी ६८ जण दगावले. आपल्याकडील मथळ्यांचाही आशय एकच होता: व्हेपने माणसे मरतात.

पुढची बातमी मात्र त्या मानाने कमी ठिकाणी छापली गेली. नोव्हेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने २९ रुग्णांच्या फुप्फुसातील द्रव तपासला. त्या सर्व नमुन्यांत ‘व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट’ हा तेलकट पदार्थ सापडला. गांजातील अमली घटक असलेल्या, बहुधा अनधिकृत मार्गाने विकत घेतलेल्या द्रवात तो दाट करण्यासाठी मिसळला जात होता. त्या साथीचा मुख्य दोषी हा पदार्थ होता, नेहमीचे निकोटिनचे व्हेप नव्हे.

यावरून ‘म्हणजे व्हेप सुरक्षितच’ असा निष्कर्ष काढणे चूक आहे. अमेरिकेची खरी, संथ आणि कमी नाट्यमय समस्या वेगळीच होती: २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत तेथील उच्च माध्यमिक शाळांतील २७.५ टक्के विद्यार्थी नुकतेच ई-सिगारेट ओढलेले आढळले. सवय जडलेल्या लाखो मुलांची बातमी मृत्यूच्या बातमीइतकी ठळक होत नाही. पुढे स्वादांवरील निर्बंध, विक्रीवरील कारवाई आणि जनजागृती यांच्या काळात हे प्रमाण उतरत २०२४ मध्ये ७.८ टक्क्यांवर आले. मुलांची सवय अटळ नसते, हे या आकड्यांतून दिसते.

दुसऱ्या बाजूच्या बातम्याही अशाच सावधपणे वाचाव्या लागतात. २०१५ मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने ई-सिगारेट सिगारेटपेक्षा सुमारे ९५ टक्के कमी घातक असल्याचा अंदाज दिला. विक्रेते हे वाक्य आजही पुढे करतात. मात्र तो तज्ज्ञांचा अंदाज होता आणि सिगारेट सोडू पाहणाऱ्या प्रौढांसाठी होता. त्याच देशाने मुलांमधील आकर्षण आणि कचरा ही कारणे देऊन एकदाच वापरून फेकायच्या व्हेपची विक्री १ जून २०२५ पासून बंद केली. एकाच देशाची ही दोन्ही धोरणे एकमेकांना खोटे ठरवत नाहीत. पहिले धूम्रपान करणाऱ्या प्रौढाचा विचार करते, दुसरे मुलाचा.

म्हणून अशी बातमी किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरचा संदेश समोर आला की चार प्रश्न विचारावेत. हे कोणत्या द्रवाबद्दल आहे? ही माहिती कोणत्या देशाची आणि तेथील कायदा काय? तुलना कोणाशी आहे, सिगारेट ओढणाऱ्याशी की कधीच न ओढणाऱ्याशी? आणि सांगणारा डॉक्टर, सरकारी संस्था, की विक्रेता? मुलाला भीती घालण्यासाठी अर्धवट बातमी वापरली, की तो पाच मिनिटांत मोबाइलवर उरलेली अर्धी शोधतो आणि त्यानंतर आपल्या खऱ्या सांगण्यावरही विश्वास ठेवत नाही.

गुटखाबंदीने खान्देशाला दिलेला धडा

बंदी म्हणजे काय, हे खान्देशाला नवे नाही. जुलै २०१२ पासून महाराष्ट्रात गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी आहे. पुढे सुगंधित तंबाखू व सुगंधित सुपारीही तीत आली. धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात. शिरपूरच्या पुढे पळासनेरजवळ मध्य प्रदेशाची हद्द लागते, जळगाव जिल्ह्यातील चोपडा-रावेरची सीमाही त्याच राज्याला भिडते. परराज्यातून येणारा गुटख्याचा ट्रक पकडल्याची बातमी येथील वाचकाला पाठ झाली आहे. पानटपरीच्या दर्शनी माळा उतरल्या, तरी ओळखीच्या गिऱ्हाइकासाठी पुडी निघतच राहिली.

असे का झाले? गुटख्यावर बंदी आली तेव्हा सवय आधीच घराघरांत मुरली होती. कायदा सवयीच्या मागून धावत होता.

ई-सिगारेटचे उलट आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात शंभर प्रौढांपैकी केवळ तिघांनी ई-सिगारेटचे नाव ऐकले होते. म्हणजे येथे बंदी सवयीच्या आधी आली. ही फार मोठी सवलत आहे. मात्र २०१९ च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात देशातील १३ ते १५ वयोगटातील २८.४ टक्के विद्यार्थ्यांना ई-सिगारेट ठाऊक होती आणि २.८ टक्क्यांनी ती कधी ना कधी ओढून पाहिली होती. पाहण्या दोन वेगळ्या वर्षांच्या असल्या तरी त्यांतील अंतर बोलके आहे. जी वस्तू आजी-आजोबांनी पाहिलेली नाही, तिची माहिती नातवंडांना आहे. कायद्याचा हात महामार्गावरच्या ट्रकपर्यंत पोहोचतो. कुरिअरच्या लहान पाकिटापर्यंत पोहोचणे त्याला अवघड जाते. ते पाकीट घराच्या दारात उतरते, आणि दुपारी दार उघडणारे बहुधा ज्येष्ठच असतात.

चंचीचा प्रश्न

आता थोडे अवघड बोलू. महाराष्ट्रात त्याच २०१६-१७ च्या सर्वेक्षणानुसार २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करत होते. त्यांत विडी-सिगारेट ओढणारे अवघे ३.८ टक्के, न जळणारी तंबाखू खाणारे, लावणारे २४.४ टक्के. चुना मळून ओठात धरलेला बार, सकाळची मशेरी, तपकिरीची डबी ही आपल्याकडील खरी रूपे. मौखिक कर्करोगाचे सर्वांत मोठे कारणही तेच. वडील ओट्यावर तळहातावर तंबाखू मळत आहेत आणि मुलाला व्हेपवरून बोल लावत आहेत, हे दृश्य मुलाच्या नजरेतून पाहून बघा. दोन्हींत निकोटिन आहे, हे तो जाणतो.

याचा अर्थ तंबाखू खाणाऱ्या आजोबांनी गप्प बसावे असा नाही. उलट त्यांचा शब्द सर्वांत खरा ठरू शकतो. ‘मी तुझ्या वयाचा असताना गंमत म्हणून पहिली चिमूट घेतली, आज सत्तरीतही सकाळी तिच्यावाचून उठवत नाही, तू यात पडू नकोस’ असे आबांनी शांतपणे सांगितले, तर ते कोणत्याही मथळ्याहून अधिक पोहोचते. आणि ‘चल, आपण दोघे मिळून सोडू’ असे म्हणता आले, तर त्याहून उत्तम.

घरात काय पाहावे, काय बोलावे

पेनसारखी, पेन ड्राइव्हसारखी किंवा लहान रंगीत डबीसारखी, टोकाला ओढण्याची चोच असलेली वस्तू. कारणाविना खोलीत फळांचा वा पुदिन्याचा गोड वास. सारखी तहान, कोरडा खोकला. काही तास बाहेर न जाता आल्यास चिडचिड. न जुळणारा पैशांचा हिशेब, या गोष्टी लक्षात घ्याव्यात. यांतील एकाच खुणेवरून आरोप करू नये.

बोलताना सर्वांसमोर, जेवणाच्या पंगतीत विषय काढू नये. दोघेच असताना, ‘हे काय आहे ते मला समजावून सांग’ अशी सुरुवात करावी. मूल सांगू लागले की आधी ऐकावे. सवय लागली असेल तर ती चारित्र्याचा दोष नसून उपचार करण्याजोगी स्थिती आहे, हे स्पष्ट सांगावे. सोडल्यानंतरचे पहिले तीन-चार दिवस सर्वांत कठीण जातात. दोन ते चार आठवड्यांत ओढ बरीच ओसरते. त्या काळात घरातील माणसांनी चिडचिड मनावर घेऊ नये.

घरात रांगणारे बाळ असेल तर एक धोका तातडीचा आहे. निकोटिनचा द्रव पोटात गेल्यास किंवा अंगावर सांडल्यास लहान मुलांना विषबाधा होते. उलट्या, लाळ सुटणे, घाम, थरथर, सुस्ती ही तिची लक्षणे. अशा वेळी घरगुती उपायाने उलटी करवू नये. कातडीवर सांडला असल्यास पाण्याने धुवावे आणि १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून तत्काळ रुग्णालय गाठावे. द्रवाची बाटलीही सोबत न्यावी.

ज्येष्ठांना तंबाखू सोडायची असेल तर

‘परदेशात सिगारेट सोडायला व्हेप देतात, मीही मागवू का?’ असा प्रश्न काही ज्येष्ठ विचारतात. इतर देशांतील अभ्यासांत काही जणांना त्याचा उपयोग झालेला आहे, हे खरे. पण आपल्याकडे तो मार्ग बेकायदा आहे. अनधिकृत मालात काय भरले आहे याची हमी कोणी देत नाही. आणि आपल्याकडील बहुसंख्यांची सवय ओढण्याची नसून खाण्याची आहे. आपल्याकडे कायदेशीर आणि तपासलेले मार्ग उपलब्ध आहेत.

औषधाच्या दुकानात मिळणारे निकोटिनचे च्युइंगगम हा त्यांपैकी एक. ते साध्या गमसारखे सतत चघळायचे नसते. थोडे चावून तिखटसर चव आली की गालाशी ठेवायचे, चव गेली की पुन्हा चावायचे. चहा, कॉफी किंवा आंबट पेयानंतर पंधरा मिनिटे थांबावे, नाहीतर ते नीट शोषले जात नाही. कवळी असणाऱ्यांना गम चिकटतो. त्यांनी चघळायची गोळी किंवा त्वचेवर लावायचा पट्टा याविषयी डॉक्टरांना विचारावे. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असल्यास यांपैकी काहीही स्वतःहून सुरू करू नये.

काळजीवाहकांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. दम्यासाठी थिओफायलिन हे औषध घेणाऱ्या व्यक्तीने विडी-सिगारेट सोडली, की शरीरातील त्या औषधाचे प्रमाण वाढते. म्हणून सोडण्याचा दिवस ठरला की डॉक्टरांना आधी कळवावे. मात्रा कमी करावी लागू शकते.

‘आता या वयात सोडून काय मिळणार?’ याचे उत्तर इंग्लंडमधील डॉक्टरांच्याच पन्नास वर्षे चाललेल्या अभ्यासाने २००४ मध्ये दिले. रिचर्ड डॉल आणि सहकाऱ्यांना आढळले की तिशीत सिगारेट सोडणाऱ्यांचे आयुष्य ओढतच राहणाऱ्यांपेक्षा सुमारे दहा वर्षांनी वाढते. पण साठीत सोडणाऱ्यांचेही सुमारे तीन वर्षांनी वाढते. तीन वर्षांत नातीचे लग्न, नातवाची पदवी असे बरेच काही पाहून होते.

मदतीसाठी राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवेचा १८००-११-२३५६ हा निःशुल्क क्रमांक आहे. तेथे समुपदेशक प्रादेशिक भाषांतही बोलतात आणि नंतरही विचारपूस करतात. मनाची अस्वस्थता फार वाढल्यास ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र उपलब्ध आहे. जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे, तसेच जवळच्या उपजिल्हा रुग्णालयात, तंबाखूमुक्तीसाठी सल्ला कोठे मिळेल याची चौकशी करावी. तोंडात तीन आठवड्यांहून जुना व्रण, पांढरा वा लाल चट्टा असेल, किंवा तोंड पूर्वीइतके उघडत नसेल, तर त्याच फेरीत दंतवैद्याकडून तपासणीही करून घ्यावी.

व्हेपची विक्री कोठे होताना दिसल्यास ११२ वर किंवा नजीकच्या पोलीस ठाण्यात कळवता येते. उपनिरीक्षक व त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यास कारवाईचा अधिकार आहे. २०२३ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने अशा तक्रारींसाठी संकेतस्थळही सुरू केले. घरातील तरुणाकडून त्यावर तक्रार नोंदवून घेता येईल. त्या निमित्ताने या विषयावर त्याच्याशी दोन शब्द बोलणेही होईल.